भरताना फुटली तर दुकानाची

बांगड्या भरताना हात ताणून धरायचा नसतो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. शिकवलं नववीतल्या एका मुलीनं, तेही माझ्याच तासाला. तोवर माझी खात्री होती की अमरावतीचे झाडून सगळे बांगडीवाले धसमुसळे आहेत. लहानपणी आई मला दुकानात नेऊन बसवायची, मी दातओठ खाऊन हात कडक करायची, चार भरताना दोन फुटायच्या, आणि घरी येईपर्यंत मी त्या माणसाला नावं ठेवत यायची. काही बिघडलं की आधी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, हा माझा जुना स्वभाव.

गोष्ट अकोल्याची. साठ साल उलटून एकदोन वर्षं झाली होती. मी अमरावतीहून बी.कॉम. होऊन अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत लागले होते आणि शिवण शिकवत होते. आमच्या कॉलेजच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरीचं मधेच लग्न झालं, त्यामुळे शेवटची दोन वर्षं मी पहिल्या बाकावर एकटी बसून व्यापाराचे धडे गिरवले. एवढं करून नोकरी मिळाली ती शिवणाची, कारण जागा तीच रिकामी होती. मी केलेली काजं बघून मुली तोंडावर पदर धरून हसत. मला शिवणाचा मनापासून तिटकारा होता आणि तो मी लपवतही नव्हते.

मग शाळेत नववीपासून वाणिज्य गट सुरू झाला आणि मोठ्या बाईंनी तो मला दिला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वय पंचेचाळीसच्या आसपास, फिक्या रंगाचं सुती पातळ, डाव्या मनगटावर घड्याळ, बाकी अंगावर काही नाही. लग्नानंतर चारपाच वर्षांतच यजमान गेले, त्यानंतर त्या शिकल्या आणि इथवर आल्या. त्यांचा एक नियम होता. शाळेत एका हातात एकच बांगडी, जास्त नको, वर्गात किणकिणाट होतो. नियम सगळ्या पाळत, आणि तो कशामुळे आला असेल याबद्दल बोलायचं झालं की आवाज खाली आणत. मीही आणायची.

गटात सतरा मुली आल्या. त्यातल्या निम्म्या गणित चुकवायला आल्या होत्या. विक्रयकला नावाचा एक भाग अभ्यासात होता, म्हणजे माल विकायचा कसा. पुस्तक लिहिणाऱ्यानं दुकान पाहिलं होतं ते कुठल्यातरी मोठ्या शहरातलं. ‘विक्रेत्याने स्मितहास्य करून ग्राहकाचे स्वागत करावे’, असं त्यात होतं. आमच्या अकोल्यात कापडवाला गादीवर लोडाला टेकून बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याला आपादमस्तक न्याहाळायचा. स्मितहास्य केलं असतं तर लोक म्हणाले असते, याचा माल खपत नाही वाटते.

दोन आठवडे मी पुस्तक वाचून दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे उघडे ठेवून झोपलेली दिसली आणि मी पुस्तक टेबलावर आपटलं. म्हटलं, उद्यापासून पुस्तक बंद, आपण करून पाहायचं.

पहिला प्रयोग फुटाण्यांचा. थोडे पितळेच्या लखलखीत वाटीत ठेवले, थोडे वर्तमानपत्राच्या पुडीत. एकेकीला बोलावून दोन्हीकडचे खायला दिले आणि विचारलं, कोणते चांगले. सोळा जणींनी वाटीतले सांगितले. एक तर म्हणाली, पुडीतल्यांना कुबट वास येतो. सतरावी मात्र दोन्हीकडचे दोनदोन दाणे खाऊन माझ्याकडे पाहत राहिली.

“दोन्हीकडे एकच टाकले तुमी, बाई,” ती म्हणाली. “एकाच भट्टीतले हायेत.”

ही मणियाराची मुलगी. वडिलांचं बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान होतं. घरी उर्दू बोलायची, आमच्याशी अस्सल वऱ्हाडी. गणितात बरी होती, म्हणजे गणित चुकवायला आलेल्यांतली नव्हती. तिनं माझ्या प्रयोगाची हवा काढून घेतली म्हणून मला राग आला आणि पाठोपाठ हसूही आलं. मग मी सगळ्यांना सांगितलं की ही म्हणते ते खरं, फुटाणे एकच आहेत, आणि तुम्ही सोळा जणींनी वाटी खाल्ली. त्या दिवशी वेष्टन म्हणजे काय, हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

दुसरा प्रयोग मालाला हाक मारण्याचा. मुलींनी घरून आणलेली शिकेकाई, कागदी पाकिटं, शाई असं मांडायचं आणि गिऱ्हाईक बोलवायचं. कोणाचा आवाजच फुटेना. एकीनं खाली मान घालून “घ्या ना” असं म्हटलं ते तिच्याच पदराला ऐकू गेलं असेल. दुसरीला मी म्हटलं, तुझ्या शिकेकाईचे गुण सांग. ती म्हणाली, “यात रिठा कमी पडला, बाई. केस भुरभुर होतील.” आपल्याच मालाची आपण तारीफ करायची, हे आमच्याकडच्या पोरींना चारचौघांत खोटं बोलण्यासारखं वाटे. मी कपाळाला हात लावला.

तिसरा प्रयोग अंगाशी आला. मी मुलींना आपापल्या गल्लीत दहा घरी जाऊन विचारायला सांगितलं, तुम्ही कपड्याला कोणता साबण वापरता, का वापरता, आणि घरात तो कोण निवडतं. शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातला, मला तो फार आवडला होता. मुलींनी तो इमानेइतबारे विचारला. दोनतीन घरांत त्यावरून नवराबायकोची जुंपली. एक पालक थेट शाळेत आले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत बसून म्हणाले, पोरीले शाळेत शिकाले धाडलं, लोकायच्या घरातलं विचारत फिराले नाही.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे जास्त भीती वाटे.

“संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी मी तुमच्या तासाला येऊन बसेन,” त्या म्हणाल्या. “संस्थेचे लोक मला विचारताहेत, या गटाचा उपयोग काय. मला पटलं तर गट राहील. नाही पटलं तर मुली इतर गटांत जातील आणि तुम्ही पुन्हा शिवणाला.”

मी खोलीवर येऊन जेवले नाही. रडले नाही, चिडले. ज्यांनी तक्रार केली त्यांच्यावर, त्यांच्या साबणावर आणि संस्थेवर. तासाभरानं चिडण्यासारखं कोणी उरलं नाही तेव्हा कबूल केलं की मला हा वर्ग हवा आहे. फार हवा आहे. काजं करत म्हातारी व्हायचं नाही.

शनिवारसाठी वर्गात बाजार भरवायचं ठरलं. तीन दुकानं, पैशांच्या जागी चिंचोके, आणि अर्ध्या मुली गिऱ्हाईक. शिकेकाईचं एक, पाकिटांचं एक. तिसरं काय, असं मी विचारलं तर मणियाराची मुलगी म्हणाली, “बांगड्यायचं.”

“शाळेचा नियम माहीत आहे ना?”

“भरून लगेच काढू, बाई. शिकवाले त काही हरकत नाही.”

मी तिला सरावाला बसवलं. तिनं टोपलीत बापाकडून आणलेल्या बांगड्या रंगांप्रमाणे सुतळीत ओवून ठेवल्या होत्या. एक मुलगी गिऱ्हाईक होऊन आली आणि म्हणाली, लाल दे डझनभर. मी फळ्यावर लिहिलं होतं की माल दिला आणि मोल घेतलं की विक्री पूर्ण होते. पण ही काही बांगड्या देईना. म्हणे, हात दे. तिनं त्या मुलीचा पंजा आपल्या दोन हातांत धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, बोटं जवळ आणली आणि म्हणाली, “सव्वादोनचं माप. पन हाड नरम आहे, दोनचं बी चढंल.” मग एकेक बांगडी चढवू लागली.

“अगं, हातात दिल्यास की झालं. घरी जाऊन ती घालील,” मी म्हटलं.

“नाही, बाई. मनगटावर चढली तवा इकली. त्याच्या आधी फुटली त ती दुकानाची.”

मला हे नवीन होतं. लहानपणी माझ्या हातावर फुटलेल्या त्या सगळ्या बांगड्यांचा भुर्दंड आपण भरला, असं मी समजत होते. आईनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

“दुकानानं नुकसान कशाला सोसायचं? हात तर गिऱ्हाइकाचा आडमुठा,” मी वाद घातला. वादाची मला हौसच होती.

तिनं हातातली बांगडी खाली ठेवली. मग माझा हात मागितला. मी दिला. तिनं दाबून पाहिला आणि हसली.

“पाहा, तुमी आताच ताणून राहिल्या. कावून? फुटंल म्हनून. फुटली त आपल्याले भरा लागंल असं वाटलं की बाई हात कडक करते, आन कडक हातावरच फुटते. अब्बा पयलेच सांगतात, फुटली त माही. मंग हात आपसूक ढिला पडतो. मंग फुटतच नाही.”

मी फळ्यावरचं वाक्य पुसलं. बी.कॉम.ला तीन वर्षं घालवून मला ही एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती, आणि पोरगी ती फुटाणे खाल्ल्यासारखी सांगून मोकळी झाली. तिचं मला फार कौतुक वाटलं. शनिवारी हेच दाखवायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

पण शुक्रवारी संध्याकाळी माझा धीर सुटला. मोठ्या बाई येणार, समोर टोपलीभर काचेच्या बांगड्या, आणि ही पोरगी सवयीनं त्यांनाही म्हणणार, हात द्या.  मी तिला बाजूला घेतलं.

“हे बघ. मोठ्या बाई आत आल्या की टोपलीवर फडकं टाकायचं. त्या शिकेकाईचं दुकान पाहतील, पाकिटांचं पाहतील. तुझ्याकडे आल्या तर पुस्तकातलं काहीतरी सांग. बांगड्या उघडायच्या नाहीत.”

“कावून, बाई?”

“नियम आहे म्हणून.”

ती माझ्याकडे पाहत राहिली, फुटाण्यांच्या वेळी पाहिलं होतं तशीच. पण “हो” म्हणाली.

शनिवारी तिसऱ्या तासाला मोठ्या बाई आल्या. आदल्या दिवशीच्या सरावानं मुलींचे आवाज सुटले होते. शिकेकाईवाली आता गुण सांगायला शिकली होती, पण शेवटी तिनं न राहवून रिठ्याचं सांगितलंच. गंमत अशी की ते ऐकल्यावर दोघी गिऱ्हाईक तिच्याकडेच परत गेल्या. मोठ्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाकिटांच्या दुकानात त्या उभ्या राहिल्या, दोन प्रश्न विचारले, पुढे निघाल्या. पुढे बांगड्यांची टोपली होती.

फडकं घडी घालून बाजूला ठेवलेलं मला दिसलं. टोपली उघडी, आणि वरच हिरव्यागार बांगड्यांची माळ. मी त्या मुलीकडे डोळे वटारले. तिचं लक्षच नव्हतं. तिनं वर्गातलं एकुलतं एक स्टूल ओढलं, आपल्या ओढणीनं पुसलं आणि मोठ्या बाईंना म्हणाली, “बसा, बाई.” मग कोपऱ्यातल्या माठातून फुलपात्रभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. मोठ्या बाई बसल्या. 

“कोनाले भरू, बाई?” तिनं विचारलं.

हात द्या, असं ती म्हणाली नाही. मोठ्या बाई पाणी प्यायल्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं.

“यांना भर.”

“रंग तुमी सांगा.”

“ते हिरवं नको. यांना शोभायचं नाही.” त्या वाकल्या, दोन माळा बाजूला सारल्या आणि खालची एक वर काढली, जांभळी. “या भर. राजवर्खी येत नाहीत का आता?”

मी तो शब्द आजीकडून ऐकला होता, सोन्याच्या वर्खाची बांगडी. मुलीचा चेहरा फुलला. “कमी येतात. पन अब्बाच्या डब्यात असतीन. तुमाले पाहाले आनतो.”

मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि हात पुढे केला. सगळा वर्ग समोर, वर मोठ्या बाई, आणि गट राहणार की जाणार ते त्या टोपलीवर. हात ढिला कुठला राहतो. पहिली चढली, दुसरी चढली, तिसरी अंगठ्याच्या हाडावर आली आणि कट्‌कन फुटली.

नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात, एवढंच त्या आवाजाशी जोडलेलं आमच्या डोक्यात. मोठ्या बाईंच्या समोर तो आवाज झाला.  मला वाटलं, संपलं, काजं करा आता.

मुलीनं तुकडे शांतपणे उचलून खालच्या कागदावर ठेवले. “ही दुकानाची,” ती म्हणाली, आणि चौथी हातात घेतली.

“म्हणजे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

तिनं त्यांना सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. फुटली तर दुकानाची, हे कळलं की हात ढिला पडतो, आणि ढिल्या हातावर फुटत नाही. मोठ्या बाईंनी ते ऐकून घेतलं. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, “अजून ताणूनच धरलाय यांनी.” मुली हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच उरलेल्या बांगड्या चढून गेल्या. मोठ्या बाईंनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या वाटीतून चिंचोके काढून त्या मुलीच्या हातावर ठेवले आणि घंटा व्हायच्या आत निघून गेल्या.

त्या गेल्याबरोबर मी त्या पोरीवर उखडले. तुला फडकं टाकायला सांगितलं होतं ना?

“टाकलं होतं, बाई. त्या दारात आल्या तवा मी काढलं.” ती रडकुंडीला आली होती, पण आवाज ठाम होता. “आमच्या दुकानात ज्या बाया भरत नाहीत, त्यायलेच अब्बा पयले बसवतात. पानी देतात. लेकीच्या, सुनायच्या, नातीच्या त्याच घेतात ना. रंग त्याच सांगतात. त्या आल्या आन आपन झाकलं, त मंग त्या कावून येतीन?”

 माल कोण वापरतं आणि तो कोण निवडतं, हा प्रश्न मी सतरा मुलींना देऊन गल्लोगल्ली पाठवला होता. आणि स्वतः मात्र एका बाईला गिऱ्हाइकांतून परस्पर बाद करून टाकलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. तिला मी माफ कर म्हटलं नाही, तेव्हा शिक्षक विद्यार्थिनीला तसं म्हणत नसत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जांभळ्या बांगड्या काढायला उशीर केला.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर संस्थेला पाठवायचा कागद होता, अजून कोरा. त्यांचं लक्ष आधी माझ्या हाताकडे गेलं. बांगड्या अजून हातात होत्या, आणि मी हात मागे घेतला.

“टोपलीशेजारी एक फडकं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी ना?”

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. म्हटलं, “हो.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

“हो.”

त्यांनी कोरा कागद बाजूला सरकवला. रागावल्या नव्हत्या, ते मला कळत होतं, आणि त्यामुळे अधिकच वाईट वाटत होतं.

“मी कुठेही गेले की लोक घाईनं काहीतरी झाकतात,” त्या म्हणाल्या. “चांगल्या मनानंच झाकतात. आज वीस वर्षांनी मला कोणी रंग विचारला.”

मग त्यांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागल्या. मी उभीच होते. दोन ओळी लिहून त्यांनी मान वर केली.

“गट चालू राहील. तुमचे प्रयोगही करा, फक्त लोकांच्या साबणात फार शिरू नका. आणि हे बघा,” त्या म्हणाल्या, “काही फुटलं तर ते शाळेचं. तुम्ही हात ढिला सोडा.”